निदानाचा रकाना

बाबा,

तुम्ही म्हणालात, दोघंही तोंड बंद करा आणि काय झालं ते लिहून द्या. भावजी म्हणाले, मला लिहायला वेळ नाही, वहिनींना आहे. म्हणून मी लिहितेय.

गॅरेजात कोरा कागद सापडला नाही. जॉबकार्डांवर लिहितेय. यांच्यावर रकाने छापलेले आहेत आणि प्रत्येक रकाना दोन ओळींचा आहे. तुमच्या काळी गाडीला दोन ओळींत मावेल इतकाच आजार व्हायचा. माझं तेवढ्यात भागणार नाही. एका कार्डावरचं दुसऱ्यावर सांडेल. वर आकडे घातलेत, त्या क्रमाने घ्या.

ऑपरेशनपासून तुम्हाला बारीक अक्षर दिसत नाही, तेव्हा हे तुम्हाला भावजीच वाचून दाखवणार. तुमचा थोरला, म्हणजे माझा नवरा, वाचणार नाही. तो शाळेत चित्रकला शिकवतो आणि घरात भांडण पेटलं की त्याला नेमकं एखादं चित्र पुरं करायचं असतं.

तर भावजी, नमस्कार. मोठ्याने वाचा. मधले शब्द गिळू नका. खोडलेलंही वाचा, वाचता येईल इतपतच खोडलं आहे.

१

कशासाठी: (हा रकाना छापलेला नाही, मी पेनाने आखलाय)

मागच्या खोलीसाठी.

बुधवारी संध्याकाळी तुम्ही आवारात उभं राहून सांगितलंत की डॉक्टरबाई शुक्रवारी पाचला गाडी न्यायला येणार, त्याआधी गाडी चालू झाली पाहिजे, आणि ज्याची चूक निघेल त्याने मागच्या खोलीचं नाव काढायचं नाही. भावजींना तिथे चाकं सरळ करायचं मशीन मांडायचंय. ते मशीन दोन महिने लाकडी पेटीत आवारात पडून आहे. रोज सकाळी भावजी त्या पेटीवर बसून, माझ्या खिडकीकडे बघत, दात घासतात.

मला तिथे नवीन काही नकोय. जे आहे ते राहू द्या. भिंतीला पक्कं केलेलं बेंच, स्कॅनर, मीटर, सोल्डरिंगचं सामान, भिंग. लग्नाआधी मी मोबाईल दुरुस्त करायचे. तुम्हीच म्हणाला होतात, हिला बोर्ड कळतो, मग फोनातला काय आणि गाडीतला काय. पाच वर्षं त्या खोलीत बसतेय. घर आणि गॅरेज मिळून मला आतून कडी लावता येईल अशी तेवढी एकच जागा आहे.

२

गाडी: पांढरी, मागच्या सीटवर रबरी बूट, दोऱ्या, औषधांची पेटी. जनावरांच्या डॉक्टरबाईंची. सोमवारी सकाळी नऊला दोरीने ओढत आणली.

ग्राहकाचं म्हणणं: हे मी खिडकीतून ऐकलंय, जसंच्या तसं देते.

"रविवारी सकाळी नीट चालली. दुपारी सुरूच होईना. सेल्फ मारत राहिले, मग बॅटरीच बसली."

"बाई, सेल्फ म्हणजे काय दाराची बेल आहे का, कुणी उघडेपर्यंत वाजवायला?"

"तुम्ही दुरुस्त करता, की नुसतं बोलता?"

"दोन्ही करतो. बोलणं फुकट."

"मग फुकटचं राहू द्या."

हे बोलणारे भावजी. बाई निघून गेल्या. पाच मिनिटांनी आवारातून फट् असा आवाज आला आणि त्यापाठोपाठ भावजींची एक शिवी. ती इथे लिहीत नाही. भावजी, तुम्हाला आठवत असेल तर तुम्हीच म्हणून दाखवा.

मग ते माझ्या दारात आले. आत येत नाहीत ते, चौकटीला खांदा लावून उभे राहतात, चौकट पडली तर बरं अशा हिशोबाने.

"दुसऱ्या बॅटरीवरून जम्प दिला. सेल्फ फिरतोय, इंजिन पकडत नाही. किल्लीचा दिवा लुकलुकतोय. कॉम्प्युटरचं दुखणं. घ्या तुमच्या माहेरचं पाहुणं."

"आवाज कसला आला?"

"कसला? झाकण पडलं."

३

तपासणी: सोमवारी मी या रकान्यात लिहिलं ते असं. 'ईसीयूकडून उत्तर नाही. बॅटरीच्या पोस्टवर ठिणगीचा खड्डा.'

बाबा, तुम्हाला कार्ब्युरेटर कळतो. हे त्याहून अवघड नाही. ईसीयू म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, जेवणाच्या डब्याएवढी पेटी. पेट्रोल किती, ठिणगी कधी, सगळं तो ठरवतो. मी स्कॅनर लावते आणि त्याला विचारते, काय होतंय? तो आकड्यांत सांगतो. सोमवारी त्याने काहीच सांगितलं नाही.

किल्लीचं वेगळं. किल्लीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते. किल्ली फिरवली की गाडी त्या चिपला विचारते, तू आपल्यातली का? ती हो म्हणाली तरच ईसीयू इंजिनाला चालू देतो. याला इमोबिलायझर म्हणतात, चोरांसाठी असतो. किल्लीचा दिवा दोन कारणांनी लुकलुकतो. एक, चिप ओळखीची नाही. दोन, ईसीयूच मुका आहे, ओळख करून घेणार कोण?

मी किल्लीवरचं बटण दाबलं. दारं उघडली, मिटली. किल्ली चांगली आहे असं मी धरून चालले.

मग मी बॉनेटखाली वाकले आणि मला बॅटरीच्या शिशाच्या पोस्टवर, म्हणजे केबल लागते त्या खुंटीवर, वाटाण्याएवढा खड्डा दिसला. ताजा, चकचकीत. केबल उलटी लागली की असा पडतो. लाल जागी काळी, काळ्या जागी लाल. भावजींच्या केबलवरची लाल टोपी दोन वर्षांपूर्वी तुटली, तेव्हापासून दोन्ही टोकं सारखीच दिसतात. मी तीनदा सांगितलं होतं, तांबडी पट्टी गुंडाळा. ते म्हणाले होते, मी आंधळा आहे का.

भावजी, इथे आवाज कमी करू नका. बाबांना ऐकू येत नाहीसं झालं तर ते परत वाचायला लावतील.

४

निदान: 'ईसीयू जळला. कारण जम्पर केबल उलटी लावली.' खाली माझी सही, सोमवार, दहा वाजून वीस मिनिटं.

या कार्डाकडे परत येईन. आधी पुढचं सांगते, कारण पुढचं सोपं आहे.

५

बुधवार.

नवीन ईसीयू दुपारी बारा वाजता आला. सीलबंद. मी पेटीवर मोठ्या अक्षरात 'हात लावू नये' लिहिलं, बेंचखाली ठेवला आणि जेवायला घरी गेले. खोलीला बाहेरून कुलूप नाही. तुम्हीच म्हणता, घरच्यांत कसलं कुलूप.

परत आले तर पेटीची चिकटपट्टी दुसरी होती.

"खोकं कुणी उघडलं?"

"उंदरांनी."

"उंदरांनी पट्टीपण परत चिकटवली?"

"शिकलेले असतील. तुमच्याच खोलीतले आहेत."

"भावजी, हसू नका. काय केलंत?"

"तपासला. तुम्ही मागवलेला माल खराब निघाला की बाबांची बोलणी मला. म्हणून माझ्या गाडीला लावला. माझीही गाडी त्याच मॉडेलची. किल्ली फिरवली, फर्स्टक्लास चालू झाली, काढून ठेवला. दोन मिनिटं. झिजला का तो?"

"कोरा होता तो! पहिल्यांदा ज्या गाडीत किल्ली फिरते, त्या गाडीची खूण तो आत लिहून घेतो. मग जन्मभर दुसऱ्या गाडीला ओळखत नाही."

"म्हणजे लग्नासारखंच. होईल सवय."

एवढं बोलून ते पान्याने पान्याला बडवत निघून गेले. ही एक चूक बाबा, जुन्या पद्धतीने शिकलेला माणूसच करतो. कॉइल असो, पंप असो, तुम्ही सगळ्यांनी आयुष्यभर हेच केलंत. शंका आली की चालू गाडीचा भाग काढून बंद गाडीला लावायचा, नाहीतर नवीन भाग चालू गाडीला लावून बघायचा. त्यात काही वावगं नव्हतं. भाग मुके होते, कुणाच्या गाडीत बसलो ते त्यांना कळत नव्हतं. आता कळतं.

संध्याकाळी तुमच्यासमोर भावजी म्हणाले, मी त्या खोक्याला बोटही लावलं नाही, वहिनींनीच बाहेरून वायरी जोडून दोन्ही ईसीयू जाळले आणि आता माझ्या गळ्यात मारतायत. मी काहीबाही बोलले. तुम्ही म्हणालात, तोंड बंद करा.

भावजी, जी पेटी तुम्ही उघडली नाहीत, तिच्यात आता तुमच्या गाडीचा चासी नंबर आहे. शेवटचे चार आकडे स्कॅनरवर आले, ते मी या कार्डाच्या मागे लिहिलेत. वाचा. मग आवारात जाऊन काचेखालच्या पट्टीवरचे चार आकडे वाचा. बाबा थांबतील.

६

इथपर्यंत वाचून भावजी बसले असतील तर त्यांना पाणी द्या. यापुढचं माझं आहे.

~~केलेलं काम: जळलेला ईसीयू काढला. भावजींनी बिघडवलेला नवीन ईसीयू खोलून त्याची खूण पुसली. बसवला. गाडी चालू.~~

हे खोडलेलं वाचलंत? छान आहे ना? गाडी खरोखर चालू आहे. तिच्यात कुठला ईसीयू बसलाय हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही, आणि खूण पुसणं माझ्या हातांना अशक्य आहे असं इथे कुणी म्हणू शकणार नाही. तुम्ही मान डोलावली असती. मशीनची पेटी आवारातच राहिली असती.

बुधवारी काय झालं ते आता सांगते, पेटीवरून ओरडाआरडा होण्याच्या आधीचं.

पट्टी बदललेली दिसली, उंदरांचं बोलणं झालं, तरीही मी तो नवीन ईसीयू डॉक्टरबाईंच्या गाडीला लावला. रागात लावला. भावजींनी काय बिघडवलंय ते स्कॅनरवर काढून त्यांच्या नाकासमोर धरायचं होतं. स्कॅनर लावला, विचारलं. उत्तर नाही.

जुना मुका. नवीनही मुका.

दोन वेगवेगळी माणसं एकाच खोलीत गेल्यावर मुकी होत असतील तर माणसं बघायची नसतात, खोली बघायची. माझ्याकडे शिकायला कुणी आलं असतं तर मी त्याला पहिल्या दिवशी हे सांगितलं असतं. ईसीयू मेला म्हणायच्या आधी त्याला करंट पोचतो का ते मोजायचं. प्लग काढायचा, मीटरची एक सुई इथे, एक तिथे. बारा व्होल्ट आले तर पुढचं बोलायचं.

मी मोजलं. शून्य.

बॅटरीच्या डोक्यावर एक काळी डबी असते, तिच्यात मोठे फ्यूज. ईसीयूचा फ्यूज मधोमध तुटला होता. उलट्या केबलचा झटका त्याने स्वतःवर घेतला आणि पुढे काही जाऊ दिलं नाही. त्याचं कामच ते.

फ्यूज बदलला. नवीन ईसीयू लगेच बोलायला लागला आणि पहिलंच काय सांगितलं तर तुमच्या धाकट्याच्या गाडीचा नंबर. तेव्हा मी बाहेर येऊन ओरडले. फ्यूजचं बोलले नाही. तुम्ही दोघं समोर होतात, पेटीबद्दल विचारत होतात, आणि मी फ्यूजचं बोलले नाही.

गुरुवारी सकाळी, गॅरेज उघडायच्या आधी, मी जुना ईसीयू परत लावला. सोमवारी मी जळला म्हणून सही केली होती तो. तो बोलला. धडधाकट होता, एक ओरखडा नव्हता त्याला.

पण गाडी चालू होईना. किल्लीचा दिवा लुकलुकतच होता. या वेळी ईसीयू मुका नव्हता, त्याने स्पष्ट आकडा दिला, अर्थ असा की किल्ली ओळखीची नाही.

मी डॉक्टरबाईंना फोन केला.

"रविवारी सकाळी चालली आणि दुपारी नाही. मधे काय झालं?"

"हे मी सोमवारीच सांगायला हवं होतं का? तुमच्या माणसाने मला बेलचं व्याख्यान दिलं."

"आत्ता सांगा."

"काही नाही झालं. वासराने किल्ली चावली. कव्हर फुटलं, म्हणून बाजारातल्या किल्लीवाल्याकडून नवीन कव्हर घालून घेतलं. बटणं चालतात. गाडीचा त्याच्याशी काय संबंध?"

"जुनं कव्हर कुठेय?"

"अहो, मी इथे म्हशीच्या पोटात कोपरापर्यंत आहे."

"हात काढा आणि मला सांगा जुनं कव्हर कुठेय."

त्यावर त्यांनी जे शब्द वापरले ते भावजींच्या सोमवारच्या शब्दांच्या तोडीचे होते. कव्हर त्यांच्या कामाच्या कोटाच्या खिशात होतं. मी दुपारी दवाखान्यात गेले. त्यांनी ते माझ्याकडे दिलं नाही, टेबलावर टाकलं.

"चार दिवस मी भाड्याच्या गाडीने फिरतेय. एक घोडी गेली माझी."

"मला वाईट वाटतं."

"वाटून घ्या. घोडीला सांगा."

कव्हरवर वासराचे दात उमटलेले होते. आतल्या बारीक खाचेत चिप तशीच होती. किल्लीवाल्याने बटणांची पट्टी नवीन कव्हरात घातली, पातं बसवलं आणि दाणा राहू दिला. त्याला तो दिसलाच नसेल. बटणं वेगळी, दाणा वेगळा. बटणाने दारं उघडतात म्हणून किल्ली चांगली, असं तो समजला. सोमवारी मीही तेच समजले. फरक इतकाच की तो बाजारात फिरत्या स्टुलावर बसतो आणि मी दाराला कडी लावून.

दाणा नवीन कव्हरात बसवला. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. गुरुवार, साडेचार. आवाज ऐकून भावजी माझ्यामागोमाग खोलीपर्यंत आले, चौकटीला खांदा लावला.

"झाली? म्हणजे बसला नवीन. मी बिघडवला होता म्हणत होतात."

मी स्कॅनरची वायर गुंडाळत राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. बाबा, तुमचा धाकटा घाबरलेला मी पहिल्यांदा बघितला. त्याला वाटत होतं ईसीयू खरोखरच त्याने जाळला. चार दिवस त्याला तसं वाटत होतं आणि चार दिवस तो नाही म्हणत होता. मला ते बघून बरं वाटलं. हे खोडत नाही.

७

निदान: (कार्ड ४ वरून)

आता सोमवारकडे. दहा वाजून दहा मिनिटांनी मी बॉनेट उघडलं, दहा वीसला सही केली. दहा मिनिटं. एरवी मला ईसीयू मेला म्हणायला अर्धा दिवस लागतो. प्लगचा करंट मोजते, अर्थिंग मोजते, फ्यूज काढून बघते, बोर्ड खोलून वास घेते. त्या दिवशी यातलं काहीच केलं नाही. का नाही केलं ते लिहायला मला दोन दिवस लागले.

तो खड्डा बघून मला आनंद झाला, बाबा.

पाच वर्षं मी या माणसाच्या चुका गोळा करतेय, प्रत्येक वेळी ते हसून उडवतात आणि तुम्ही म्हणता, जाऊ दे, तो घाईचा आहे. आणि आता हा खड्डा. पुसता न येणारा, शिशात कोरलेला. मी मीटर उचलला नाही, कारण मीटरने कदाचित वेगळं सांगितलं असतं. मला ईसीयू जळलेला हवा होता. माझ्या आयुष्यात मी कुठल्याही यंत्राकडून काही मागितलं नव्हतं, नुसतं विचारलं होतं. त्या दिवशी मागितलं.

तर हिशोब असा. केबल उलटी, भावजींनी. पेटी उघडली, भावजींनी. खोटं बोलले, भावजी. ईसीयू जळला, हे मी. जळलेला नसताना. नवीन ईसीयू मागवायची गरजच नव्हती. तो आता भावजींच्या गाडीशिवाय कुठेच चालणार नाही आणि परत जाणार नाही. तो मागवलाच नसता तर भावजींना उघडायला पेटीच नसती. सोमवारी दोन मिनिटं मीटर धरला असता तर डॉक्टरबाई सोमवारी संध्याकाळी गाडी घेऊन गेल्या असत्या.

चांगली ठरायला हे लिहीत नाहीये. चुकीचं निदान माझ्या सहीखाली आहे आणि ते तिथे राहू देणं मला जमत नाही, इतकंच. भावजींच्या चुका तीन आणि माझी एक, हे मात्र मोजा.

सूचना: केबलला तांबडी पट्टी गुंडाळा.

सही: (केली)

८

हे कार्ड कुणाला द्यायचं नाही.

शुक्रवारी पाचला डॉक्टरबाई आल्या, किल्ली घेतली, गाडी दोनदा चालू करून बंद केली, कुणाकडे न बघता गेल्या. मग बाबा आवारात खुर्ची टाकून बसले आणि भावजी मशीनच्या पेटीवर बसून वाचायला लागले. मी खोलीच्या पायरीवर. सगळं वाचलं त्यांनी, मान्य करायला हवं. दात घासायचं वाचलं, उंदरांचं वाचलं आणि स्वतःच हसले. चासी नंबरपाशी थांबले. बाबा म्हणाले, "बघून ये." ते गेले, आले. "तोच आहे," म्हणाले आणि पुढचं कार्ड उचललं.

फ्यूजपाशी त्यांचा आवाज चढला. सातव्या कार्डापर्यंत ते उभे राहिले होते.

"'तो खड्डा बघून मला आनंद झाला, बाबा.' ऐकलंत? परत वाचतो."

"ऐकलं मी."

"नाही, परत वाचतो. 'मला ईसीयू जळलेला हवा होता.' बघा! चार दिवस मी झोपलो नाही!"

"तू बस खाली."

बाबा पायाने जमिनीवरचं एक वॉशर इकडून तिकडे सरकवत होते. मग मला विचारलं, "फ्यूज मोजायला किती वेळ लागतो?"

"दोन मिनिटं."

"आणि तू दहा मिनिटं तिथे होतीस."

"हो."

"हा गाढव आहे. घाईत केबल उलटी लावतो, घाईत खोकं फोडतो, घाईत खोटं बोलतो. याची चूक मला लांबून दिसते. तू सावकाश चुकलीस. नीट बघून, सही करून."

"चुका मोजा म्हटलं होतं मी."

"मोजल्या. गाढवाला खोली दिली तर तो तिच्यात चाकं सरळ करेल, दुसरं त्याला काही सुचायचं नाही. पण ज्याच्या शब्दावर मी गाडीचं काळीज बदलतो, तो माणूस कुणावरच्या आकसाने निदान करायला लागला, तर त्याला दार लावून बसायला खोली मी कशी देऊ? बाहेर बस. सगळ्यांसमोर मोज."

"बाबा, मी सांगितलं नसतं तर—"

"तर तुला मिळाली असती. माहितीये मला."

ते उठले आणि घरात गेले. भावजी पत्त्यांसारखी कार्डं जुळवत राहिले. गाढव म्हटल्याचं त्यांना काही वाटलेलं दिसलं नाही, किंवा इतक्या वेळा ऐकलंय की ते नावच झालंय.

मी आत गेले. स्कॅनर, मीटर, भिंग, सोल्डरिंगचं सामान दोन पेट्यांत भरलं. बेंच माझं आहे, माझ्या माहेरच्या दुकानातली फळी. सहा स्क्रूंनी भिंतीत बसवलेली. पाच निघाले. सहाव्याचं डोकं झिजून गुळगुळीत झालं होतं, पेचकस नुसता फिरत होता.

भावजी दारात. आज माझ्यादेखत आत आले, पहिल्यांदा. हातात ठोक्याचा पेचकस, तो असले स्क्रू एका फटक्यात सोडवतो.

"पाहिजे का?"

मी जुना पेचकस फिरवत राहिले.

"मागा की, वहिनी. मागितलं की देतो."

"नको."

"राहू द्या मग फळी इथेच. माझ्या मशीनच्या चाव्या ठेवायला होईल."

मी पेचकस खाली टाकला, जमिनीवर बसले, दोन्ही पाय भिंतीला लावले आणि फळी दोन्ही हातांनी धरून ओढली. पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा भिंतीच्या आत काहीतरी करकरलं. तिसऱ्यांदा फळी माझ्या अंगावर आली, स्क्रूसकट, प्लास्टरसकट, मागच्या विटेच्या तुकड्यासकट. भिंतीत माझं डोकं जाईल एवढं भोक पडलं. धूळ खाली बसेपर्यंत आम्ही दोघंही खोकत होतो.

भावजी भोकाजवळ गेले, आत बोट घालून बघितलं. थोडी वाळू गळली.

"आता ही भिंत कोण भरणार?"

"ज्याची खोली, तो," मी म्हटलं, आणि फळी आडवी धरून त्यांना दाराच्या वाटेतून बाजूला व्हायला लावलं.